राजासमोरचं प्रवचन: कोण कुणाला सुनावत होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्लंडच्या दरबारात जे धर्मगुरू राजाराणीसमोर प्रवचन करत, ते राजाचे पगारी भाट होते का? राजाच्या तोंडावर त्यांना काही बोलता येत होतं का? आणि त्यांची जी प्रवचनं आज छापील मिळतात, ती इतिहासाचा पुरावा म्हणून कितपत धरायची?

गेली सव्वीस वर्षं मी युरोपचा इतिहास शिकवतो आहे आणि त्यातला बराच काळ ही प्रवचनंच वाचण्यात गेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ते भाट नव्हते. राजाला बोल लावणं हे त्या कामाचाच भाग होतं. ईस्टरआधीच्या उपवासकाळात (लेंटमध्ये) तर दरबाराची तशी अपेक्षाच असे. पण ही मुभा कुठे संपते ते कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. राजा बदलला की ती हद्द बदले, कधी एकाच राणीच्या मनःस्थितीप्रमाणे हले. त्यामुळे एखाद्या प्रवचनात राजाची स्तुती सापडली की त्याला खुशामत म्हणायचं आणि टीका सापडली की बंड म्हणायचं, ही घाई करू नका. बहुतेक वेळा दोन्ही एकाच वाक्यात असतात.

आधी जागा डोळ्यांसमोर आणा, कारण तिच्याशिवाय यातलं काही कळत नाही. राजवाड्यातल्या चॅपलमध्ये, म्हणजे खासगी प्रार्थनामंदिरात, राजा खाली सगळ्यांत बसत नसे. मागच्या बाजूला, वरच्या मजल्यावर त्याची स्वतंत्र खोली असे. तिला ‘क्लॉझेट’ म्हणत. त्या खोलीची खिडकी चॅपलमध्ये उघडे. खाली दरबारी आणि समोर उंचावर पुलपिट, म्हणजे प्रवचनकाराचा कठडा. राजा आणि प्रवचनकार हे दोघे असे समोरासमोर आणि बाकी सगळे खाली, दोघांच्या नजरेखाली. खिडकी उघडी आहे की बंद, यावर दरबार अंदाज बांधत असे. हॅम्प्टन कोर्टच्या चॅपलमध्ये ही वरची राजेशाही जागा आजही पाहता येते. व्हाइटहॉलचा राजवाडा मात्र १६९८ च्या आगीत बहुतेक सगळा गेला. तिथे चॅपलखेरीज आणखी एक सोय होती. जुन्या बागेच्या जागी मोकळ्या अंगणात पुलपिट उभारलेलं होतं, कारण उपवासकाळातल्या गर्दीला चॅपल पुरत नसे. जॉन फॉक्सच्या प्रोटेस्टंट हुतात्म्यांवरच्या १५६३ च्या ग्रंथात या अंगणाचं चित्र आहे. पुलपिटावर प्रोटेस्टंट धर्मगुरू ह्यू लॅटिमर आहे, खिडकीत पोरवयाचा राजा सहावा एडवर्ड बसला आहे आणि खाली माणसंच माणसं.

त्या लॅटिमरपासूनच सुरुवात करतो. १५४९ च्या उपवासकाळात त्याने एडवर्डसमोर ओळीने सात प्रवचनं केली. राजा अकरा वर्षांचा. कारभार सरदारांच्या हाती, आणि ते सगळे खाली बसलेले. पहिल्याच प्रवचनात लॅटिमर आपल्या बापाबद्दल बोलला. बापाची स्वतःची जमीन नव्हती. वर्षाला फार तर तीन-चार पौंड खंडाची शेती तो करायचा. तेवढ्यावर अर्धा डझन गडी पोसायचा, शंभर मेंढ्यांना चरायला कुरण होतं, आई तीस गाईंची धार काढायची. त्याच शेतीवर बापाने पोराला शाळेत घातलं, मुलींची लग्नं केली, गोरगरिबांना दारात काहीतरी दिलं, आणि वेळ आली तेव्हा राजासाठी चिलखत चढवून गेला. आता ती जमीन ज्याच्याकडे आहे तो सोळा पौंड भरतो. त्याच्याने राजाची चाकरी होत नाही, पोरांचं काही होत नाही, की गरिबाला घोटभर पेय देणं होत नाही. खंड वाढवणाऱ्या जमीनमालकांना लॅटिमरने तिथेच ‘सावत्र मालक’ म्हटलं. माझ्या वर्गात हा उतारा वाचून दाखवला की कुळांची, खंडाची भाषा घरात ऐकलेली मुलं एकदम सावरून बसतात. यात धर्म किती आणि राजकारण किती, हे वेगळं काढून दाखवता येईल का?

आणि याच लॅटिमरने त्याच मालिकेत टॉमस सीमूरच्या शिरच्छेदाचं समर्थनही केलं. सीमूर राजाचा मामा, कारभार चालवणाऱ्या सॉमरसेटचा सख्खा भाऊ. २० मार्च १५४९ ला त्याचं मुंडकं उडवलं गेलं आणि लोकांत कुजबुज सुरू झाली. त्या कुजबुजीला सरकारच्या बाजूचं उत्तर पुलपिटावरून आलं. मालकांना झोडपणारा आणि सरकारची बाजू मांडणारा माणूस एकच होता, आणि त्याला त्यात काही विसंगती वाटत नव्हती. राज्य देवाच्या वाटेवर ठेवायचं तर दोन्ही करावं लागतं, असं तो मनापासून मानत होता. पुढे कॅथलिक राणी मेरीच्या राज्यात, १५५५ साली, ऑक्सफर्डला त्याला जिवंत जाळलं. असल्या माणसाला भाट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

एलिझाबेथच्या वेळी खरी गंमत सुरू होते, कारण राणी प्रोटेस्टंट असली तरी तिच्या स्वतःच्या चॅपलमध्ये तिने क्रूस आणि मेणबत्त्या ठेवल्या होत्या. कडव्या प्रोटेस्टंटांना ही मूर्तिपूजेची निशाणी वाटे. ७ मार्च १५६५, राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचा डीन, म्हणजे तिथला प्रमुख धर्मगुरू, अलेक्झांडर नॉवेल राणीसमोर बोलत होता. क्रूसाच्या समर्थनाचं एक कॅथलिक पुस्तक नुकतंच परदेशात छापून आलं होतं आणि लेखकाने ते चक्क एलिझाबेथलाच अर्पण केलं होतं. नॉवेल त्या पुस्तकावर घसरला आणि तिथून मूर्तींवर आला. राणी म्हणाली, तो विषय नको. नॉवेलला ऐकू गेलं नाही, तो बोलतच राहिला. मग राणीने आवाज चढवून सांगितलं की ते सोडा, त्याचा तुमच्या विषयाशी संबंध नाही आणि ते आता चघळून चोथा झालं आहे. ही हकीकत स्पेनच्या वकिलाने आपल्या राजाला कळवली. नॉवेलचं पुढे काय झालं ते आर्चबिशप पार्करच्या पत्रात आहे: बिचारा इतका खचला होता की केवळ दया येऊन पार्करने त्याला जेवायला घरी नेलं.

या एका प्रसंगात केवढं तरी आहे. राणी प्रवचन थांबवू शकते. पण थांबवते ते भर सभेत, परक्या वकिलासमोर, आणि मग ती बातमी माद्रिदपर्यंत जाते. इंग्लंडची राणी क्रूसाच्या बाजूने बोलली, ही बातमी स्पेनला ऐकायला बरीच वाटली असणार. तिला ते माहीत नव्हतं, असं मानायला मी तयार नाही.

इथे जरा वाट सोडून आपल्या ओळखीचं एक नाव घेतो. याच एलिझाबेथच्या इंग्लंडात वाढलेला एक कॅथलिक तरुण देश सोडून रोमला गेला, जेझुइट झाला आणि १५७९ साली गोव्याला उतरला. तोच फादर थॉमस स्टीफन्स. त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. नव्या ख्रिस्ती लोकांना देवळात वाचून दाखवता यावं म्हणून त्याने आपल्या ओवीचा आधार घेतला. मराठीची थोरवी गाणारी त्याची ‘जैसी हरळांमाजी रत्नकिळा’ ही ओवी आपण शाळेत पाठ केली. स्टीफन्स मायदेशी राहिला असता तर त्याला कॅथलिक म्हणून लपूनछपून जगावं लागलं असतं, हे ती ओवी म्हणताना आपल्या लक्षात येत नाही. व्हाइटहॉलच्या पुलपिटावरून जे ठरत होतं त्याचे धागे इतक्या लांबवर पोचले होते.

परत दरबारात येऊ. २५ फेब्रुवारी १५७० ला एडवर्ड डेरिंग राणीसमोर उभा राहिला. वय तिशीच्या आसपास, विद्वत्तेबद्दल नावाजलेला. त्याने इंग्लंडमधल्या धर्मगुरूंची दुर्दशा एकेक करून सांगितली: कुणी अडाणी, कुणी जुगारी, कुणी चर्चची मिळकत विकून खाणारा. मग राणीकडे वळून म्हणाला की हे सगळं चाललं आहे, देव याचा जाब तुमच्याकडे मागणार आहे, आणि तुम्ही बेफिकीर बसून आहात. याहून जिव्हारी लागणारं पुढे होतं. मेरीच्या राज्यात एलिझाबेथ कैदेत होती तेव्हा तिने स्वतःला बळी द्यायला नेलेल्या मेंढीची उपमा दिली होती, अशी आठवण होती. डेरिंगने तीच उचलली. तेव्हा आपण स्वतःला मेंढी म्हणाला असाल, आता संदेष्ट्याच्या तोंडून दावं न जुमानणारी कालवड असं ऐकायची वेळ येऊ देऊ नका, असं तो म्हणाला. राणीच्या आयुष्यातली सगळ्यात भीतीची आठवण काढून तिलाच कालवड म्हणायचं, तेही बायबलचा आधार घेऊन! डेरिंगला पुन्हा दरबारात बोलू दिलं नाही. पण प्रवचन छापलं गेलं आणि राणीच्या हयातीतच पुन्हापुन्हा छापलं गेलं. दरबारात जे एकदा ऐकलं गेलं ते बाहेर अनेक वर्षं वाचलं जात होतं.

तिसरा प्रसंग मला सर्वांत प्रिय आहे. तो सांगितला आहे राणीचा धर्मपुत्र जॉन हॅरिंग्टन याने. सेंट डेव्हिड्सचा बिशप अँथनी रड याचं एक प्रवचन राणीला आवडलं. आर्चबिशप व्हिटगिफ्टने ते त्याला कळवलं आणि वर सल्लाही दिला: राणीला आता शब्दांच्या कसरतीचा कंटाळा आला आहे, सरळ काळजाला भिडणारं बोलावं. रडने तो सल्ला मनावर घेतला. १५९६ च्या उपवासकाळात त्याने ९० व्या स्तोत्रातलं वचन घेतलं, ‘आमचे दिवस मोजायला आम्हाला शिकव’. राणी तेव्हा त्रेसष्टाव्या वर्षात होती. रड आकड्यांवर बोलू लागला. तीन म्हणजे त्रैक्य, तीन त्रिक नऊ म्हणजे स्वर्गदूतांच्या श्रेणी, सात म्हणजे शब्बाथ, आणि मग साती नव्वे त्रेसष्ट, म्हणजे माणसाच्या आयुष्यातलं सगळ्यात घातक मानलेलं वर्ष. पुलपिट राणीच्या खिडकीच्या बरोबर समोर. तिचा चेहरा बदललेला त्याला दिसला आणि तो घाईने सुरक्षित आकड्यांकडे वळला. ६६६ हा बायबलातल्या पशूचा आकडा घेतला आणि पोपच ख्रिस्तविरोधी आहे हे सिद्ध करून दाखवलं. १५८८ घेतलं, ज्या वर्षी स्पॅनिश आरमाराचं संकट टळलं. पण बाण सुटून गेला होता. प्रवचन संपल्यावर राणी रिवाजाप्रमाणे खिडकी उघडून दोन शब्द आभाराचे बोलत असे. त्या दिवशी खिडकी उघडली आणि राणी म्हणाली की बिशपने आपलं गणित आपल्यापाशी ठेवायचं होतं, मोठमोठे पंडित शहाणे असतातच असं नाही.

रडला काही दिवस घरात बसवून ठेवलं. पण हॅरिंग्टन पुढचंही सांगतो, आणि तेच महत्त्वाचं आहे. तीन दिवसांच्या आत राणी त्या शिक्षेवरच नाराज झाली, आणि रडची टवाळी करणाऱ्या एका बाईला तिने हॅरिंग्टनच्या देखत दटावलं. मात्र आपली भूक, आवाज, वाद्यावरची बोटं यांतलं काही उतरलेलं नाही हेही तिने आवर्जून सांगितलं. एका दागिन्यावरची अगदी बारीक अक्षरं दरबाऱ्यांना वाचता येईनात, ती तिने स्वतः वाचून दाखवली. म्हातारपणाचा उल्लेख तिला झोंबला होता. तरी उपवासकाळात मृत्यूची आठवण करून देणं हा बिशपचा हक्क आहे, हे तिच्या लेखी संपलेलं नव्हतं.

या हक्काला आकार कसा होता तेही पाहू. उपवासकाळात बुधवार, शुक्रवार, रविवार अशी प्रवचनं असत आणि नावांची यादी आधीच ठरे. ठोकळमानाने बुधवार राजाच्या चॅपलनांचा, म्हणजे त्याच्या पदरच्या धर्मगुरूंचा, शुक्रवार डीनांचा, रविवार बिशपांचा. यादीत नाव येणं म्हणजे बढतीच्या रांगेत उभं राहणं. एका तासाच्या प्रवचनावर बिशपची गादी मिळू शकते किंवा कायमची जाऊ शकते, असा तो मामला होता. म्हणून ‘सगळे पदासाठी बोलत’ असं म्हणण्याचा मोह होतो. पण मग डेरिंगचं काय करायचं?

स्कॉटलंडचा राजा असलेला पहिला जेम्स १६०३ मध्ये इंग्लंडच्या गादीवर आला तो प्रवचनांचा भुकेला राजा होता. रविवारखेरीज त्याने दरबारात मंगळवारचं प्रवचनही लावलं. स्कॉटलंडमध्ये ५ ऑगस्ट १६०० ला, मंगळवारी, गाउरी सरदारांच्या कटातून तो वाचला होता. पुढे संसद उडवण्याचा दारूगोळ्याचा कट उघडा पडला तो ५ नोव्हेंबर १६०५ हाही मंगळवारच. या दोन्ही दिवसांची दरवर्षी प्रवचनं होऊ लागली. राजाचा जीव वाचणं हा आता सणासुदीचा विषय झाला. जेम्सची आणखी एक सवय होती. तो क्लॉझेटमध्ये पोचला की खाली चाललेली प्रार्थना जिथे असेल तिथे तोडत, एक गीत म्हणत आणि लगेच प्रवचन सुरू करत. त्याच्या मुलाने, पहिल्या चार्ल्सने, बिशप विल्यम लॉडच्या सांगण्यावरून हे बंद केलं आणि प्रार्थना पूर्ण ऐकायची असं ठरवलं. बाप प्रवचनासाठी यायचा, मुलगा उपासनेसाठी. चर्चमध्ये पुढे जो कडाक्याचा वाद पेटला त्याचा सगळा मसाला या एका सवयीच्या फरकात आहे.

जेम्सने प्रवचन हे थेट शस्त्र म्हणून वापरल्याचं उदाहरण १६०६ चं. स्कॉटलंडच्या चर्चला आपल्या सभा स्वतः बोलवायच्या होत्या, राजाला ते मान्य नव्हतं. १६०५ मध्ये राजाच्या मनाविरुद्ध ॲबरडीनला सभा भरली. जेम्सने आठ स्कॉटिश धर्मगुरूंना हॅम्प्टन कोर्टला बोलावून घेतलं आणि सप्टेंबरात त्यांना समोर बसवून ओळीने चार प्रवचनं ऐकवली. त्यांतलं लॅन्सलॉट अँड्रूजचं प्रवचन जुन्या करारातल्या दोन चांदीच्या कर्ण्यांवर होतं. लोकांना जमवायला देवाने दोन कर्णे करायला सांगितले. कुणाला? मोशेला, अहरोनाला नव्हे. म्हणजे सभा बोलवायचा अधिकार राज्यकर्त्याचा, पुरोहिताचा नाही. सगळा युक्तिवाद या एका ‘कुणाला’वर उभा आहे.

समोर बसलेल्यांत अँड्रू मेलव्हिल होता. दहा वर्षांपूर्वी, १५९६ मध्ये, फॉकलंडच्या राजवाड्यात याच जेम्सची बाही ओढून त्याने त्याला देवाचा दुबळा चाकर म्हटलं होतं आणि स्कॉटलंडात दोन राजे, दोन राज्यं आहेत असं बजावलं होतं. ख्रिस्ताच्या राज्यात जेम्स राजा नव्हे, फक्त एक सभासद. असा माणूस चार प्रवचनांनी वळेल? हॅम्प्टन कोर्टच्या वेदीवर त्याने दोन मिटलेली पुस्तकं, दोन विझलेले दिवे आणि दोन कोरडी पात्रं पाहिली आणि त्यावर लॅटिनमध्ये चार-सहा ओळींची कविता केली. त्या कवितेपायी प्रकरण वाढत गेलं आणि तो लंडनच्या टॉवरच्या तुरुंगात गेला. सुटला १६११ मध्ये, तोही परदेशी जाण्यासाठी. स्कॉटलंड त्याला पुन्हा दिसलं नाही.

१६२२ साली गोष्टी आणखी तंग झाल्या. जेम्सला युवराज चार्ल्सचं लग्न स्पेनच्या राजकन्येशी लावायचं होतं आणि लंडनची पुलपिटं त्याविरुद्ध धगधगत होती. ऑगस्टमध्ये राजाने प्रवचनकारांसाठी आदेश काढले. दुपारच्या प्रवचनात प्रश्नोत्तरी, प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा एवढंच. बिशप आणि डीनांखेरीज कुणी पूर्वनियतीच्या, म्हणजे कुणाचा उद्धार होणार हे देवाने आधीच ठरवलं आहे का या, गहन वादात शिरायचं नाही. राजाच्या अधिकाराच्या मर्यादांविषयी तर कुठल्याही पदाच्या माणसाने पुलपिटावरून काही ठरवायचं नाही. आणि या आदेशांचं समर्थन करायला १५ सप्टेंबरला सेंट पॉल्सच्या आवारातल्या पॉल्स क्रॉस या उघड्या पुलपिटावर कुणाला उभं केलं? कवी आणि सेंट पॉल्सचा डीन जॉन डन याला. जन्माने कॅथलिक, ज्याचा भाऊ एका कॅथलिक पाद्र्याला आसरा दिल्यामुळे तुरुंगात मेला, अशा घरातला हा माणूस. त्याने वचन घेतलं ताऱ्यांचं: तारे आपापल्या कक्षेत राहून इस्राएलच्या शत्रूचा सेनापती सिसरा याच्याशी लढले. कक्षा म्हणजे शिस्त, प्रवचनकारांनीही शिस्तीत लढावं, असा त्याचा रोख होता. राजाने ते छापवलं. पण पत्रलेखक जॉन चेंबरलेनने मित्राला कळवलं की लोकांचं फारसं समाधान झालं नाही आणि काहींच्या मते तर वक्त्याचंच स्वतःचं समाधान झाल्यासारखं वाटत नव्हतं. छापील पानावरून ही गोष्ट कधीच कळली नसती.

मग त्याच वर्षीचा नाताळ, व्हाइटहॉल. वृद्ध अँड्रूज, आता विंचेस्टरचा बिशप, पूर्वेकडून आलेल्या मागी ज्ञान्यांवर बोलतो आहे. त्यांचा प्रवास कसा झाला? तो म्हणतो, हा काही उन्हाळी दौरा नव्हता. ऐन थंडीत, वर्षातल्या सगळ्यात वाईट वेळी निघाले. वाटा चिखलात रुतलेल्या, हवा बोचरी, दिवस आखूड, सूर्य सगळ्यात दूर. आणि लगेच पुढे, आपण असतो तर म्हणालो असतो, वसंतात जाऊ, दिवस मोठे होऊ देत, रस्ते सुकू देत. ‘उन्हाळी दौरा’ हा शब्द वाचताना इतरांना नुसता प्रवासाचा वाटेल. पण दर उन्हाळ्यात लवाजम्यासह दौऱ्यावर आणि शिकारीला निघणारा राजा वर क्लॉझेटमध्ये बसला होता आणि त्याच्याबरोबर फिरणारे सगळे खाली. आदेशांतलं एकही कलम मोडलेलं नाही. राजाचं नावही घेतलेलं नाही. हे प्रवचन मी वर्गात मोठ्याने वाचतो, कारण अँड्रूजची वाक्यं तुकड्यातुकड्यांची आहेत आणि कानाला जो थांबा लागतो तो डोळ्याला लागत नाही. त्या थांब्यात खालच्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं असेल, असं मला दर वेळी वाटतं.

आता छापील प्रतींचा प्रश्न. तास-तासभराचं प्रवचन बहुधा टिपणांवरून किंवा पाठ करून बोलत आणि सविस्तर लिहीत ते नंतर. १६२५ च्या प्लेगमध्ये लंडनबाहेर अडकलेल्या डनने जेवढ्यांची टिपणं हाताशी होती ती प्रवचनं बसून लिहून काढली. म्हणजे बोलणं एका वर्षीचं, शब्द दुसऱ्या वर्षीचे. अँड्रूजची ९६ प्रवचनं १६२९ मध्ये, तो वारल्यावर, चार्ल्सच्या आज्ञेने लॉड आणि बकरिज या दोन बिशपांनी छापली. त्यांची मांडणी सणांप्रमाणे आहे, तारखेप्रमाणे नाही. नाताळची एकत्र, ईस्टरची एकत्र. त्यामुळे वाचणाऱ्याला काळाबाहेरचा एक संत दिसतो. मी विद्यार्थ्यांना पहिलं काम देतो ते हे की प्रत्येक प्रवचनाच्या माथ्यावर तारीख, राजवाडा आणि कुणासमोर ते दिलेलं असतं, त्यावरून सगळी काळाच्या क्रमाने लावा आणि शेजारी त्या महिन्यात दरबारात काय चाललं होतं ते लिहा. मग वचन पाहा, कारण वचनाची निवड ही प्रवचनकाराची सगळ्यात विचारपूर्वक केलेली गोष्ट असते आणि छापताना ती बदलत नाही. शेवटी ऐकणाऱ्यांच्या साक्षी शोधा: परक्या वकिलांची पत्रं, चेंबरलेनसारख्यांच्या बातम्या, हॅरिंग्टनच्या आठवणी. तिन्ही जुळली तर पुरावा भक्कम धरा. नुसत्या छापील मजकुरावरून एवढंच सांगता येतं की लेखकाला किंवा संपादकाला पुढच्या वाचकापर्यंत काय जाऊ द्यायचं होतं.

भाटगिरी कधी झालीच नाही असं मात्र नाही. १६२७ मध्ये चार्ल्सने संसदेला डावलून सक्तीचं कर्ज वसूल करायला घेतलं. जुलैमध्ये रॉजर मेनवेअरिंग या चॅपलनने राजासमोर दोन प्रवचनं केली, पहिलं ओटलंड्सला आणि दुसरं ऑल्डर्टनला. राजाने मागितलेला पैसा नाकारणं म्हणजे देवाची आज्ञा मोडून आत्म्याचा नाश ओढवून घेणं, आणि त्यासाठी संसदेच्या संमतीवाचून अडत नाही, असा त्यांचा सूर होता. ती छापू नयेत, लोकांना फार कडू लागतील, असं खुद्द लॉडने राजाला सुचवलं. राजाने तरी छापली, आणि पानावर आपल्या खास आज्ञेने छापल्याचंही आलं. पुढच्या वर्षी संसद भरली तेव्हा मेनवेअरिंगवर महाभियोग चालला. हजार पौंड दंड, कैद, तीन वर्षं प्रवचनबंदी, दरबारात पुन्हा कधी बोलायचं नाही, चर्चमधलं मोठं पद नाही, आणि उमराव सभागृहापुढे गुडघ्यांवर बसून माफी. राजाला ते पुस्तक मागे घ्यावं लागलं. लॅटिमरपासून अँड्रूजपर्यंत राजाच्या बाजूने बोलणाऱ्या प्रवचनाला जे वजन होतं, ते राजाला टोचूही शकणाऱ्या पुलपिटावरून आल्यामुळे होतं, असं माझं मत आहे. मेनवेअरिंगच्या प्रवचनात टोचणारं काहीच नव्हतं, म्हणून संसदेला ते प्रवचन न वाटता कर्जवसुलीचा हुकूम वाटलं.

चार्ल्सने त्याला लवकरच माफ केलं आणि एका चांगल्या उत्पन्नाच्या चर्चवर नेमलं. १६३६ मध्ये तो बिशप झाला, सेंट डेव्हिड्सचा. चाळीस वर्षांपूर्वी एलिझाबेथला तिचं वय मोजून दाखवणारा अँथनी रड याच गादीवर होता. त्या प्रवचनानंतर त्याला दुसरी गादी मिळाली नाही. १६१५ मध्ये तो वारला तोही सेंट डेव्हिड्सचा बिशप म्हणूनच.